रकाना

माझ्या रजिस्टरात गरोदर बायांसाठी निळी पानं आहेत,
लसीच्या बाळांसाठी गुलाबी.
सुलक्षणा खरातला कुठे लिहू?
ती गरोदर नाही. अजून नाही.
समासात पेन्सिलीनं लिहून ठेवलंय:
घर क्रमांक एकशे सतरा. व्हायचंय.

भांडुपच्या टेकडीवर एकशे सतरा म्हणजे
दोनशे बारा पायऱ्या. मोजल्यात मी,
गुडघे साक्षीला.
पाणी पहाटे साडेचारला, तेही खालच्या नळाला.
भरला हंडा घेऊन चढणाऱ्या बाईला
"जड उचलू नका" हे वाक्य
अकरा वर्षं सांगतेय.
त्या हसतात. मीही हसते.
मग सांगतेच.

पहिल्या खेपेला ती आली तेव्हा पाचवा लागला होता.
सोनोग्राफीच्या डॉक्टरीणबाईंनी
पडदा हळूच आपल्याकडे वळवला.
पाठीचा कणा मिटलाच नव्हता,
शिवण राहून गेलेल्या झंपरासारखा.
पुढचं लिहीत नाही.
निळ्या पानावर तिच्या नावावरून एक आडवी रेघ आहे,
माझ्याच हातची.

सासू म्हणाली, बाहेरचं असणार.
शेजारीण म्हणाली, गिराणात विळी धरली हिनं.
सुलक्षणानं मला विचारलं,
"ताई, मी काय केलं?"
म्हटलं, काही नाही केलंस गं.
ते खरंच होतं.
पण रात्री भाकरी थापताना तेच वाक्य उलटून माझ्याकडे आलं:
तू काय केलंस? आधी का नाही चढलीस?

कारण पाळी चुकते, मग शंका, मग लाज,
मग नवऱ्याला सांगायचं, मग सासूला,
मग सुट्टीचा वार, मग केसपेपरची रांग.
तोवर आत कणा मिटून गेलेला असतो
किंवा नसतो.
माझ्या निळ्या पानासाठी कुणी थांबत नाही.

म्हणून आता रोज रात्री एक पिवळी गोळी,
डॉक्टरांनी तिच्यासाठी लिहिलेली, नेहमीपेक्षा मोठ्या मापाची.
मशेरीची डबी तिनं आपण होऊन माझ्या पिशवीत टाकली.
आठवड्यानं परत मागायला आली.
दिली नाही. भांडली.
पंधरा दिवसांनी आली ती नुसती बसायला.
सासू म्हणते, "माझी काय सुटायची नाय बाय,
पण तवा घेऊन मी बाहेर बसते."
बसते खरी, पायरीवर, भर उन्हात, पदराआड धूर.

प्रल्हाद कुर्ल्यात जुन्या बॅटऱ्या फोडतो.
त्याला म्हटलं, शिसं अंगाला चिकटून घरी येतं.
म्हणाला, "पोर तिच्या पोटात वाढणार,
माझ्या शर्टाशी काय देणंघेणं?
आणि जे अजून नाहीच, त्याच्यासाठी एवढं?"
मी उत्तर दिलं नाही. दम लागला होता.
पण हल्ली तो खालच्या नळावरच अंग धुतो,
दुसरा शर्ट घालून वर येतो,
कामाचा शर्ट वेगळ्या बादलीत.
पोरं ओरडतात, नवरदेव आला, नवरदेव!

रक्त साडेनऊवरून अकराच्या वर गेलंय.
साखर तपासली. थायरॉइडचा रिपोर्ट मंगळवारी.

काल ती वरच्या पायरीवर उभी होती,
हंड्याशिवाय.
नऊ दिवस पुढे गेलेत, म्हणाली,
इतक्या हळू, की खालच्या मिक्सरच्या आवाजात
मला ओठांवरून वाचावं लागलं.
मी निळं पान उघडलं, पेन काढलं,
आणि टोपण परत लावलं.
थांब, म्हटलं, सकाळी पट्टी घेऊन येते.
गोळी घेतलीस?

उतरताना सवयीनं पायऱ्या मोजल्या.
दोनशे तेरा भरल्या.